काकांचं अधिक आणि मॅडमचं अधिक: भोसरीतल्या एका वॉशिंग मशीनचं प्रकरण

गाड्यांचे पार्ट मशीनिंगनंतर तेलाने माखलेले असतात. पॅकिंगला जाण्याआधी ते केमिकल मिसळलेल्या गरम पाण्याच्या फवाऱ्याखालून न्यावे लागतात. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यासाठी कन्व्हेअरवालं वॉशिंग मशीन होतं. यांत्रिक भाग ठणठणीत होता, पण पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर, जुना झाला, त्याची कार्डं मिळेनात. मालकांनी पीएलसी बदलायचं ठरवलं. जुन्या प्रोग्रामची प्रत ज्या लॅपटॉपवर होती तो केव्हाच भंगारात गेला होता, त्यामुळे प्रोग्रामही नव्याने लिहायला घेतला. मशीन चालू झालं, काही दिवसांनी रात्रपाळीत बंद पडलं, आणि बिघाडाचा माग काढत गेल्यावर तो शेवटी कागदावरच्या एका अधिकच्या चिन्हाशी जाऊन थांबला.

मला बोलावलं ते हे सगळं होऊन गेल्यावर. यापुढे प्रोग्राम चित्रात, म्हणजे शिडीसारख्या दिसणाऱ्या लॅडर आकृतीत लिहायचे की मजकुरात, एवढंच ठरवून द्या, असं मालकांचं म्हणणं होतं. कारखान्याचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही.

माणसं तिघं. मेंटेनन्सचे काका औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन आलेले. रिलेंनी, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांनी, खच्चून भरलेली पॅनल त्यांनी हातांनी वायरिंग केली आहेत. प्रोग्राम लिहिणारी इंजिनिअर तरुण, कॉम्प्युटरकडून ऑटोमेशनकडे वळलेली. सगळे तिला मॅडम म्हणतात, अगदी काकासुद्धा. तिसरे प्रॉडक्शनचे साहेब, ज्यांना चिन्हांशी काही देणंघेणं नाही, ताशी किती पार्ट धुऊन निघाले तेवढं हवं असतं.

कागद

जुना प्रोग्राम हाती नसल्यामुळे काका आणि साहेबांनी मिळून मशीनने काय करायला हवं ते एका फुलस्केपवर लिहून दिलं. शॉप फ्लोअरवर लिहितात तसंच: शब्द, अधिकची चिन्हं आणि बाण.

दार + पाणी + ऑटो → पंप चालू
फोटो १ + फोटो २, ५ सेकंद → जॅम, कन्व्हेअर बंद

पहिल्या ओळीत काही अडचण नव्हती. दार लावलेलं हवं, टाकीत पाणी हवं आणि सिलेक्टर ऑटोवर हवा. तिन्ही एकदम. पाण्याविना पंप चालवावा असं कुणाच्या मनात येणार नाही, त्यामुळे चिन्ह कसंही असतं तरी मॅडमनी अर्थ बरोबरच लावला असता.

दुसरी ओळ वेगळी. मशीनच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या पट्ट्यावर थोड्या अंतराने दोन फोटो सेन्सर आहेत. काकांच्या मनातला अर्थ असा: दोन्ही सेन्सर एकाच वेळी ५ सेकंद झाकलेले राहिले, तर पार्ट एकमेकांवर चढून अडकलेत, पट्टा थांबवा. मॅडमनी वाचलं ते असं: दोहोंपैकी कुठलाही एक ५ सेकंद झाकलेला राहिला की पट्टा थांबवा. त्यांचं वाचणं अडाणीपणाचं मुळीच नव्हतं. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला बूलचं बीजगणित, म्हणजे खरं-खोट्याचं गणित, शिकलेल्या कुणालाही अधिक म्हणजे 'किंवा' आणि टिंब म्हणजे 'आणि' हे पाठ असतं. शिवाय मशीन थांबवण्याच्या अटी बहुतेक वेळा 'किंवा'नेच जोडलेल्या असतात, कुठलंही एक कारण थांबायला पुरतं. एकाच कागदावर एकच चिन्ह दोन ओळींत दोन अर्थांनी वाचलं गेलं, आणि दोन्ही वेळा वाचणाऱ्याकडे सबळ कारण होतं.

मॅडमनी प्रोग्राम स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहिला, म्हणजे पास्कलसारख्या मजकुरी भाषेत. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी असते, तेव्हा निवांत ट्रायल घेतली. पट्ट्यावर छोटे बुश टाकले होते. बुश सेन्सरसमोरून सेकंदभरात निघून जातो, त्यामुळे ५ सेकंदांची अट कधी लागलीच नाही. साहेबांनी सही केली.

तिसरी पाळी

बॅच बदलली आणि लांब शाफ्ट आले. ते पट्ट्यावर आडवे बसत नाहीत, लांबीच्या दिशेनेच ठेवावे लागतात. नीट धुतले जावेत म्हणून पट्ट्याचा वेगही कमी केलेला. एक शाफ्ट एका सेन्सरसमोर ५ सेकंदांहून जास्त राहू लागला आणि मशीन दर दोन-तीन शाफ्टना 'जॅम' म्हणून थांबू लागलं. पट्ट्यावर अडकलेलं काहीच नव्हतं.

काकांनी लॅपटॉप लावला. केबल बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेली, कंपनीच्या केबलच्या किमतीत तशा चार येतील. प्रोग्राम ऑनलाइन उघडला, तर समोर मजकूर. प्रत्येक नावाशेजारी त्या क्षणाची किंमत दिसत होती, खरी की खोटी. पण चाळीस-पन्नास नावांच्या ओळींतून पट्टा नेमका कशामुळे थांबला हे शोधायला ओळी वाचाव्या लागतात, कंस जुळवावे लागतात. पुढे मला ते म्हणाले, "साहेब, लॅडरमध्ये हिरवं कुठपर्यंत आलंय ते बघायचं आणि जिथे तुटलंय तिथे हात घालायचा. इथे आधी सगळं वाचा, मग समजा, मग शोधा. तीन वाजता कोण वाचणार?"

त्यांनी एका सेन्सरची वायर काढली. मशीन थांबणं सुरूच. मग दुसऱ्याचीही काढली, तेव्हा पट्टा विनातक्रार चालू लागला. खरं तर एवढ्यानेच निदान झालं होतं: अट 'आणि'ची असती तर एक सेन्सर काढताच ती कधीच पुरी झाली नसती. पण रात्री तीनला मशीन चालतंय ना, हाच प्रश्न असतो. सकाळी शाफ्ट खरोखरच एकमेकांवर चढले, सेन्सर काढलेले असल्यामुळे पट्टा ढकलत राहिला, मोटरचा ओव्हरलोड ट्रिप झाला आणि चेनची कडी वाकली. मग बैठक. मग मी.

हे अधिक कुणाचं?

बैठकीत मॅडमचं म्हणणं होतं की कागदावरचं चिन्ह चूक आहे. काकांचं म्हणणं, वीस माणसांना विचारा, अधिक म्हणजे 'हेही हवं आणि तेही हवं'च सांगतील. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननला मध्ये आणलं.

रिलेच्या जोडण्या आणि बूलचं तर्कशास्त्र एकच आहे, हे १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात शॅननने दाखवलं. १९३८ मध्ये तो छापून आला. आज कुठल्याही डिप्लोमाच्या पुस्तकात मिळतं ते सूत्र तिथलं: कॉन्टॅक्ट, म्हणजे सर्किट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्ट्या, एकामागे एक, सिरीजमध्ये, म्हणजे 'आणि'. शेजारीशेजारी, पॅरललमध्ये, म्हणजे 'किंवा'. पण त्या मूळ लेखात एक गंमत आहे, जी पुस्तकं सांगत नाहीत. शॅननने १ हा आकडा उघड्या, म्हणजे तुटलेल्या, कॉन्टॅक्टला दिला होता आणि ० बंद, म्हणजे जुळलेल्या, कॉन्टॅक्टला, कारण तो प्रवाहाला होणारा अडथळा मोजत होता. सिरीजमध्ये अडथळे वाढतात, म्हणून त्याच्या लेखात अधिकचं चिन्ह सिरीज जोडणीसाठी आहे आणि गुणाकार पॅरललसाठी. म्हणजे काकांचं अधिक, दोन कॉन्टॅक्ट एकामागे एक, तेच शॅननचं अधिक. मॅडमचं अधिक नंतर रूढ झालेलं, जिथे १ म्हणजे प्रवाह चालू. दोन्ही गणितं आतून चोख आहेत. फक्त १ कुणाला म्हणायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं, आणि फुलस्केपवर ते ठरलेलं नव्हतं.

काका खूश झाले. मॅडमनी शांतपणे विचारलं, "मग सगळ्यांनी ∧ आणि ∨ वापरले तर?" ∧ म्हणजे 'आणि', ∨ म्हणजे 'किंवा'. तर्कशास्त्राची ही चिन्हं बेरीज-गुणाकाराशी गल्लत होऊ देत नाहीत हे खरं. पण त्या खोलीत ती तीन माणसांपैकी एकालाच वाचता येत होती.

स्वतःच्याच बाजूला उभी असलेली मोटर

चित्र की चिन्ह, हा वाद खरा रंगतो तो स्टार्ट-स्टॉपच्या साध्या सर्किटवर. हिरवं बटण दाबलं की मोटर सुरू होते, बटण सोडलं तरी चालू राहते, लाल बटण दाबल्यावर थांबते. लॅडरमध्ये सुरूच्या कॉन्टॅक्टला पॅरलल मोटरचाच एक कॉन्टॅक्ट घालतात. मोटर एकदा चालू झाली की स्वतःला धरून ठेवते. चिन्हांत लिहायचं तर (¬ म्हणजे 'नाही'):

मोटर = (सुरू ∨ मोटर) ∧ ¬बंद

गणिताच्या शिक्षकाला हे दाखवलं तर ते म्हणतील की मोटर दोन्ही बाजूंना आहे, हे समीकरण सोडवून दाखवा. कुठलंही बटण दाबलेलं नसताना ते उरतं 'मोटर = मोटर' एवढंच, आणि त्याला चालू व बंद दोन्ही उत्तरं चालतात. मशीनच्या दृष्टीने नेमकी तीच कामाची गोष्ट आहे. दोन्ही स्थिती टिकू शकतात, म्हणूनच मोटर आधी कशी होती ते सर्किटच्या लक्षात राहतं. गणितातलं बरोबरचं चिन्ह काळाबद्दल काही बोलत नाही, प्रोग्राममध्ये मात्र डावीकडची मोटर आत्ताची आणि उजवीकडची मागच्या फेरीतली. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये किंमत देताना := लिहितात आणि तुलनेसाठी नुसतं =, ते या फरकामुळे. ही वाट अल्गोल आणि पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषांकडून आलेली. फोरट्रान आणि सी यांनी किंमत द्यायलाच = घेतलं, आणि सीच्या 'जर'मध्ये == ऐवजी = लिहून बसलेल्यांची गणती नाही.

लॅडरचं चित्रही इथे थोडं फसवतं. खऱ्या रिलेच्या पॅनलमध्ये सगळ्या शाखांतून वीज एकदम वाहते. पीएलसी तसं करत नाही. तो आधी सगळे इनपुट वाचतो, मग पायऱ्या वरून खाली एकेक करून सोडवतो, शेवटी आउटपुट बाहेर टाकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. एकच कॉइल, म्हणजे आउटपुटचं चिन्ह, दोन पायऱ्यांवर काढली तर खालची जिंकते. चित्र पाहून हे कधीच कळत नाही.

आणखी एक फसवणूक लाल बटणाची. स्टॉपचं बटण एनसी जोडतात, म्हणजे न दाबलेलं असताना सर्किट जुळलेलं. कारण वायर तुटली तरी मशीन थांबलंच पाहिजे. त्यामुळे बटण न दाबता पीएलसीच्या इनपुटला १ मिळतो, आणि लॅडरमध्ये स्टॉपसाठी ┤/├ ऐवजी ┤ ├ काढावा लागतो. रिलेच्या ड्रॉइंगमध्ये त्याच जागी तिरकी रेघ मारलेला कॉन्टॅक्ट असतो. नवे पोरगे इथे हमखास अडखळतात. चिन्ह तेच, पण ड्रॉइंगमध्ये ते पितळी पट्ट्यांबद्दल बोलतं आणि पीएलसीत मेमरीतल्या एका बिटबद्दल. काकांना हे इतकं अंगवळणी पडलंय की समजावून सांगता येत नाही. मॅडमनी त्या इनपुटला 'बंद' ऐवजी 'बंद_ठीक' असं नाव दिलं होतं, आणि मला तरी ते सगळ्यात उत्तम वाटलं. वरच्या सूत्रातला ¬ त्यामुळे निघूनच जातो.

× का नाही, ≤ का नाही

मॅडमची तक्रार दुसरीच होती. कॉलेजात त्यांनी ज्युलिया वापरली होती. २०१२ मध्ये आलेल्या या भाषेत ≤, ≠, ∈, √ अशी चिन्हं सरळ लिहिता येतात. उलटी तिरकी रेघ, चिन्हाचं नाव आणि टॅब दाबला की ते उमटतं. मग पीएलसीत <= आणि <> का लिहायचं?

याचं मूळ छिद्रपत्रांत, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भोकं पाडलेल्या कार्डांत, आहे. १९५७ च्या फोरट्रानला जो अक्षरसंच मिळाला त्यात गुणाकाराचं × नव्हतं, म्हणून तारा (*) आली. घातांक वर चढवून लिहिता येत नव्हता, म्हणून दोन तारा (**). 'पेक्षा लहान'चं चिन्हही नव्हतं, म्हणून पुढे तुलना दोन टिंबांमध्ये अक्षरं कोंबून लिहू लागले. अल्गोल ६० ने या अडचणीतून हुशारीची वाट काढली. भाषेचं एक आदर्श रूप ठरवलं, त्यात ×, ÷, ↑, ≤, ∧, ∨ सगळं होतं. प्रत्यक्ष यंत्रावर ज्याने त्याने आपल्याकडची अक्षरं वापरावीत. यंत्रांवर ती चिन्हं फारशी पोचलीच नाहीत. १९६३ च्या आस्की या प्रमाणित अक्षरसंचामध्ये ↑ आणि ← हे बाण होते, पण नंतरच्या आवृत्तीत त्यांच्या जागी ^ आणि अधोरेषा आली. कीबोर्डवर जे उरलं त्यातच भाषा बसवाव्या लागल्या.

संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हर्सनने उलट केलं. हार्वर्डमध्ये शिकवताना त्याने आधी फळ्यावर लिहायची चिन्हं बनवली. ती पुस्तकात आली १९६२ मध्ये, आणि यंत्रावर चालणारी एपीएल त्यानंतर काही वर्षांनी आली. त्या चिन्हांसाठी आयबीएमच्या टंकयंत्रात अक्षरांचा वेगळा गोळा बसवावा लागे. एपीएलमध्ये यादीची बेरीज म्हणजे फक्त +/. संख्या वर किंवा खाली पूर्णांकात नेणारी ⌈ आणि ⌊ ही गणितातली चिन्हंही आयव्हर्सनचीच देणगी. पण १९९० च्या सुमारास रॉजर हुईबरोबर 'जे' भाषा बनवताना त्याने स्वतःच खास चिन्हं सोडली आणि साधा कीबोर्ड घेतला.

कीबोर्डची अडचण आज सुटल्यात जमा आहे. वाचण्याची सुटलेली नाही. ज्युलियातच एप्सिलॉनची दोन रूपं आहेत, ϵ आणि ε, आणि ती दोन वेगळी चलं मानली जातात. पायथन मात्र दोन्ही रूपं एकच धरतो. माणसाच्या डोळ्याला तो फरक अर्ध्या वळणाचा. मॅडमना मी एवढंच म्हटलं की पीएलसीत ≤ आलं तर मला आनंदच आहे, पण ज्या चिन्हाचा उच्चार काकांना फोनवर करता येत नाही ते इंटरलॉकमध्ये, म्हणजे मशीन थांबवणाऱ्या अटींमध्ये, नको. रात्री तीनला फोनवर प्रोग्राम वाचून दाखवावा लागतो.

पण टाकीचं तापमान?

इथपर्यंत काकांची बाजू वरचढ दिसते. तापमानावर येताच पारडं फिरलं. टाकीतला ट्रान्समीटर, म्हणजे तापमान विजेच्या प्रवाहात सांगणारं उपकरण, ० ते १०० अंशांसाठी ४ ते २० मिलिअँपिअर देतो. सूत्र सोपं:

तापमान = (मिलिअँपिअर − ४) × १०० ÷ १६

१२ मिलिअँपिअरला ५० अंश. मजकुरात ही एक ओळ आहे. लॅडरमध्ये वजाबाकीचा चौकोन, गुणाकाराचा चौकोन, भागाकाराचा चौकोन, आणि मधली उत्तरं ठेवायला दोन जागा. छोट्या पीएलसीत १६ बिटांचे पूर्णांक असतील तर आणखी एक खोच: ३२,७६७ च्या पुढे आकडा जात नाही. आधी गुणलं तर तो ओसंडू शकतो, आधी भागलं तर अपूर्णांक कापला जातो. तीन चौकोनांच्या चित्रात हा धोका दिसतही नाही. काकांनी स्वतःच कबूल केलं की जुन्या प्रोग्राममधल्या त्या पानाला ते हात लावत नसत.

मजकुराचा दुसरा फायदा म्हणजे फरक दिसतो. कालची फाइल आणि आजची फाइल शेजारी ठेवली की बदललेली ओळ लगेच सापडते. लॅडरची फाइल बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बंदिस्त असते, तुलना करायची तर त्याच कंपनीचं साधन लागतं. रात्री कुणी कुठला कॉन्टॅक्ट टाकला हे सकाळी शोधणं, हे भोसरीत रोजचं काम आहे.

काय ठरलं

आयईसी ६११३१-३ हे पीएलसीच्या भाषांचं मानक १९९३ चं. त्यात लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या सगळ्या भाषा शेजारी नांदतात आणि एकाच प्रकल्पात एकत्र वापरता येतात. त्यामुळे मालकांच्या 'चित्र की मजकूर' या प्रश्नाला एकच उत्तर द्यायची सक्ती नव्हती. माझा सल्ला: जे जे मशीनला थांबवू शकतं, म्हणजे दार, पाणी, जॅम, ओव्हरलोड, ते लॅडरमध्ये. एका पायरीवर एकच कारण, आणि एका पडद्यात मावेल एवढंच. जे मोजायचं आहे, म्हणजे तापमान, केमिकलचं प्रमाण, सरासरी, ते मजकुरात. काकांनी ते फक्त उत्तर म्हणून बघायचं. मॅडमना हे अर्धवट वाटलं. त्यांच्या मते चार महिने शिकवलं तर काका मजकूरही वाचतील. वाचतीलही, पण पाळीत काका एकटे नाहीत आणि कंत्राटी इलेक्ट्रिशियन दर सहा महिन्यांनी बदलतो.

फुलस्केपवरून अधिकचं चिन्ह हद्दपार केलं. त्याऐवजी प्रत्येक अटीखाली छोटा तक्ता: फोटो १ झाकला/मोकळा, फोटो २ झाकला/मोकळा, आणि चार ओळींत पट्ट्याने काय करायचं ते. दोन सेन्सरना चार ओळी, तीनना आठ, पाचना बत्तीस. त्यामुळे तीनपेक्षा जास्त इनपुटांची अट आधी तोडायची, असा नियम आपोआप झाला. जॅमचा तक्ता साहेबांनी भरला. चारपैकी तीन ओळींत 'चालू' लिहिलं आणि चौथ्या ओळीपाशी विचारलं, "एकच सेन्सर पाच मिनिटं झाकलेला असेल तर?" ती अट काकांच्या कागदावर नव्हती आणि मॅडमच्या प्रोग्रामातही जॅमहून वेगळी अशी नव्हती. सेन्सरच्या काचेवर तेल बसलं तर नेमकं तेच होतं. आता ती वेगळी पायरी आहे: पट्टा थांबत नाही, फक्त पिवळा दिवा लागतो.

तक्त्यातून लॅडर कुणी काढायचं यावर मात्र अजून एकमत नाही. काका म्हणतात मी काढतो, मॅडम तपासतील. मॅडमना ते उलटं हवं आहे.